दार उघडायचं राहिलं

बॅटरीमावशीचं खरं नाव काय, असं त्या थेटरात कुणालाही विचारलं तर तो आधी डोकं खाजवायचा आणि मग म्हणायचा, "बॅटरीमावशीच की." हातातल्या बॅटरीमुळे पडलेलं नाव पगारपत्रक सोडून सगळीकडे चिकटलं होतं. अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायच्या, उशिरा येणाऱ्यांना दुसऱ्यांचे पाय न तुडवता पलीकडे न्यायचं, मध्यंतराला दारं उघडायची आणि पिक्चर संपत आला की पुन्हा उघडायची, हे तिचं काम. मोबाइलवर गप्पा हाणणाऱ्याच्या तोंडावर प्रकाशाचा झोत मारणं हे कामात धरलेलं नव्हतं, ते ती हौसेने करायची.

आता या कामाची गंमत अशी की तिला प्रत्येक पिक्चरची दोन टोकंच बघायला मिळत. खेळाच्या आधी येणाऱ्या पिक्चरांचे ट्रेलर चालू असत तेव्हा ती आत, कारण लोक तेव्हाच खुर्च्या शोधत चाचपडत असतात. पिक्चर सुरू झाला की ती बाहेर. जिन्यावरचे कप गोळा करा, हरवलेली छत्री शोधा, रडणाऱ्या मुलाच्या आईला पाणी द्या. आणि शेवट जवळ आला की पुन्हा आत, दाराच्या कडीवर हात ठेवून उभी. म्हणजे एखाद्या पिक्चरचा ट्रेलर दोन-दोन महिने बघायचा आणि मग एक दिवस त्याचा शेवट बघायचा. मधे काय झालं ते देव जाणे आणि ऑपरेटर जाणे. सुट्टीच्या दिवशी पिक्चर बघावा म्हटलं तर सुट्टीच्या दिवशी तिला झोप प्यारी होती. थेटरात केस पांढरे झाले, पण अख्खा पिक्चर असा तिने एकही बघितला नव्हता.

पण शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ती मात्र तिला भलतीच साधली होती. ट्रेलर बघायची आणि शेवट सांगून मोकळी व्हायची. तिचे नियमच होते. दारातून जाताना जो मागे वळून हसतो, तो परत येत नाही. जो म्हणतो, "एवढं एक काम झालं की आपण सुटलो," तो सुटत नाही. कुत्रं दिसलं तर कुत्रं जगतं, कारण कुत्रं मेलेलं लोकांना खपत नाही, माणसं खपतात. यालाच थेटरात 'मावशीने पिक्चर फोडला' असं म्हणत. नवे आलेले लोक चिडायचे, जुने लोक कान झाकून घ्यायचे.

तिला स्वतःला त्यात मिरवायचं नसे. खरं सांगायचं तर तिला पिक्चरपेक्षा ट्रेलरच आवडायचा. दिवे मंद झाले, पडदा काळा झाला, कुठून तरी एक लांबलेला सूर आला, की तिच्या पोटात गोड धस्स व्हायचं. आता काय दिसणार, कोण येणार. त्या दोन-अडीच मिनिटांत जगातलं सगळं शक्य असतं. मग ती ते फोडायची आणि लगेच थोडी उदासही व्हायची, पण तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

दर शुक्रवारी सकाळी, पहिल्या खेळाच्या आधी, ऑपरेटर रिकाम्या थेटरात नवे ट्रेलर लावून आवाज आणि चित्र तपासून बघायचा. ऑपरेटर म्हणजे वरच्या खोलीत मशीन सांभाळणारा, मावशीच्याच वयाचा, अबोल माणूस. तो आपल्या छोट्या खिडकीतून प्रत्येक पिक्चर अथपासून इतिपर्यंत बघायचा, म्हणून त्याला कशाचीच घाई नसायची. दोघांची पैज ठरलेली. मावशीने फोडलेला शेवट बरोबर निघाला तर चहा ऑपरेटरने आणायचा, चुकला तर मावशीने. गेली कित्येक वर्षं चहा ऑपरेटरच आणत होता.

त्या शुक्रवारी मात्र मावशी सकाळपासून अस्वस्थ होती, आणि त्याला कारण होती बिट्टी.

बिट्टी तिची भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. नाव बिट्टी, पण उंची अशी की दारातून वाकून यावं लागे. तिची नोकरी ट्रेलर कापायची. अख्खा पिक्चर समोर घेऊन बसायचं आणि त्यातले तुकडे निवडून, जोडून दोन-अडीच मिनिटांचा ट्रेलर करायचा. मावशीला या नोकरीचा केवढा अभिमान. शेजारणीला सांगताना ती म्हणायची, "आमची बिट्टी पिक्चर कापते," आणि शेजारीण विचारायची, "म्हणजे सेन्सॉरच्या सरकारी खात्यात आहे का?"

पण त्याच मावशीने बिट्टीचे पहिले दोन्ही ट्रेलर फोडले होते. बँकेतल्या चोरीचा पहिला. "चोर मॅनेजरच आहे," मावशी अर्ध्यातच म्हणाली, "सगळे घाबरलेत, तो एकटाच टाय सारखा करतोय." दुसरा प्रेमाचा. "ही दोघं काही एकत्र येत नाहीत. हसतात तेव्हा तू दोघांना एका चौकटीत दाखवलंच नाहीस." दोन्ही वेळा बरोबर. बिट्टीने हे प्रामाणिकपणे आपल्या ऑफिसातल्या बाईंना सांगितलं, आणि बाईंनी दोन्ही ट्रेलर काढून जुन्या माणसाकडे दिले.

आता हा तिसरा. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पडद्यावर लावून त्या तुझ्या मावशीलाच दाखव. त्यांना शेवट कळला नाही, तर मी डोळे झाकून पास करते. कळला, तर यापुढे तू जाहिराती काप." साबण आणि पंखे. बिट्टीला साबणाचं वावडं नव्हतं, पण ज्या कामासाठी ती रात्रीचा दिवस करत होती ते हे नव्हे.

सकाळी मावशी उठते न उठते तोच बहिणीचा फोन आला.

"आज तरी जरा जिभेला आवर घाल," ताई म्हणाली.

"अगं, पण विचारल्यावर खोटं कसं सांगू?"

"कळलं तरी कळलं नाही म्हणायचं. 'बाई गं, मला काहीच कळलं नाही.' एवढंच बोलायचं. म्हणून दाखव."

"ताई, मी काय शाळेत आहे का?"

"म्हणून दाखव."

मावशीने म्हणून दाखवलं. फोन ठेवला. पोरीचं भलं व्हावं असं कोणाला वाटत नाही? पण लहानपणापासून बिट्टीला तिने कधी खोटं सांगितलं नव्हतं. इंजेक्शन दुखेल का विचारलं तरी दुखेल म्हणून सांगितलं होतं. जिन्यावरून वर येताना तिने मनाशी ठरवलं की बघू, बघितल्यावर बघू. म्हणजे काहीच ठरवलं नाही.

बिट्टी आधीच येऊन मधल्या रांगेत बसली होती, पाय समोरच्या खुर्चीखाली कसेबसे कोंबून. मावशी नेहमीसारखी कडेच्या खुर्चीच्या हातावर टेकली. ती खुर्चीत कधी बसायची नाही. "खुर्चीत बसले की मी पब्लिक झाले," असं तिचं म्हणणं.

ऑपरेटरने खिडकीतून डोकं काढलं. "आधी दुसरे दोन लावतो. हात साफ होऊ दे मावशींचा."

पहिला एका जहाजाचा. कप्तान दारातून जाताना वळून हसला. "गेला," मावशी म्हणाली. दुसरा विनोदी, तीन मित्र आणि एक घोडा. "घोडा जिंकत नाही, पण घोड्यावरचं कर्ज फिटतं." वरून ऑपरेटर म्हणाला, "बघितल्याशिवाय काय सांगणार." तो दरवेळी हेच म्हणायचा. बिट्टीने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून घट्ट धरली होती.

मग पडदा काळा झाला.

आधी नुसता पाण्याचा आवाज. मग नदी, धुकं, आणि काठावर एक बाई. होडी चालवणारी, दणकट हातांची. तिच्या कमरेला दोर. क्षणभर दिसली आणि पडदा पुन्हा काळा. मग एक मुलगी, बहुतेक तिची लेक, सामानाची पेटी बांधतेय. काळा. दोघी जेवायला बसल्यात आणि कुणीच बोलत नाही. काळा. नदीवर अर्धा झालेला पूल. लेक म्हणते, "पूल झाला की तुझी होडी कोण विचारणार?" आईचं उत्तर ऐकू यायच्या आत काळा. काहीतरी दिसतंय दिसतंय म्हणेपर्यंत मिटत होतं, आणि मिटलं म्हणेपर्यंत पुन्हा उघडत होतं. मावशी नकळत पुढे वाकली. ही अशी उघडझाप तिच्या ओळखीची होती, पण कुठली ते काही आठवेना.

मग धुकं दाट झालं. आई काठावर उभी, कमरेचा दोर ताठ, त्याचं दुसरं टोक धुक्यात गेलेलं. टोकाला कोण आहे ते दिसत नाही. कुठून तरी आवाज येतो, "दोर सोड." आवाज आईचा की लेकीचा, तेही कळत नाही. हात दोराच्या गाठीवर जातो. काळा. आणि शेवटी नुसता दोर, पाण्यावर, सैल पडलेला.

दिवे लागले.

मावशीने नियम आठवून पाहिले. मागे वळून कुणी हसलं नव्हतं. शेवटचं काम असं कुणी म्हणालं नव्हतं. कुत्रं नव्हतं. दोर लेकीने सोडला की आईने? मुळात टोकाला लेकच होती का? सैल दोर म्हणजे बुडालं कोणी, की पोहोचलं कोणी? तिला हसू यायला लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातात शेवट नव्हता. ती आनंदाने भाचीकडे वळली आणि तिच्या तोंडून निघालं, "बाई गं, मला काहीच कळलं नाही."

बिट्टीचा चेहरा पडला.

"राहू दे मावशी," ती म्हणाली.

"अगं, राहू दे काय? खरंच कळलं नाही."

"आईने फोन केला तेव्हा मी घरीच, बाथरूममध्ये होते. नळ बंद होता. सगळं ऐकू आलं मला. हे तेच वाक्य आहे. शब्द न् शब्द तेच."

मावशीच्या पायाखालची वाळू सरकली. जन्मात एकदा खरं गोड निघालं होतं, तर ते खरं आधीच खोटं म्हणून पाठ करून घेतलेलं. ताईचा तिला इतका राग आला की ताई समोर असती तर बॅटरी फेकून मारली असती.

"मला खोटी शाबासकी नको," बिट्टी उठत म्हणाली. "तुला कळलंय. माझ्यासाठी तू गप्प बसलीस. मी बाईंना सांगते, हाही फुटतोय म्हणून. मी साबण कापीन. काय बिघडलं?"

"खाली बस," मावशी म्हणाली. "बस म्हणते ना. अहो ऑपरेटर, परत लावा."

वरच्या खिडकीत ऑपरेटरचं डोकं दिसलं आणि तिथेच थिजलं. 'परत लावा' हे शब्द मावशीच्या तोंडून त्याने कधी ऐकले नव्हते. त्याने मुकाट्याने परत लावला.

दुसऱ्यांदा बघताना मावशी खुर्चीच्या हातावरून घसरून केव्हा खुर्चीत गेली ते तिला कळलंच नाही. "आई बुडते," ती म्हणाली. मग लगेच, "छे, आई कशी बुडेल, ती काठावर आहे. लेक परत येते. पण मग पेटी? पेटी कुठे गेली? ऑपरेटर, ती पेटी होडीत होती का हो?"

"मला वाटतं, नव्हती," वरून आवाज आला.

"नव्हती कशी? तुम्ही काय झोपला होतात? परत लावा."

तिसऱ्यांदा लागला. मावशी आता समोरच्या खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून बसली होती. "दोर सोड" हा आवाज लेकीचाच, असं ती म्हणत होती, आणि ऑपरेटर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन सांगत होता की नाही, आईचाच, बायकांचे आवाज मी वर्षानुवर्षं ऐकतोय. मावशी म्हणाली की तुम्हाला घरच्या बाईचा आवाज तरी ऐकू येतो का. बिट्टी उभीच होती, एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत.

तेवढ्यात दारावर धाडधाड थापा पडल्या. मावशीने मान मागे न वळवता, ज्या आवाजात पब्लिक तिच्यावर खेकसायचं अगदी त्याच आवाजात म्हटलं, "कोण आहे ते? जरा गप्प बसा की, बघतोय ना आम्ही."

थापा थांबल्या. मग दारापलीकडून मॅनेजरसाहेबांचा आवाज आला, हळू आणि फार चकित. "मावशी? आत आहात का? खेळाची वेळ टळून गेली. बाहेर जिन्यापर्यंत रांग लागलीय."

मावशीने कमरेला हात लावला. किल्ल्या तिथेच होत्या. पावसापाण्यात, तापात, पाय मुरगळलेला असतानाही जी दारं तिने वेळेवर उघडली होती, ती आज उघडायची राहिली होती. ती ताडकन उठली आणि तिचा पदर खुर्चीत अडकला, कारण थेटरातल्या खुर्चीतून उठायची तिला सवयच नव्हती.

पदर सोडवायला बिट्टी वाकली. सोडवून झाला तरी तिने हातातून सोडला नाही.

"मावशी, तू दार विसरलीस," ती म्हणाली. आता मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं होतं आणि ती हसतही होती. "तुला खरंच कळलं नाही."

"मग मघापासून मी काय सांगतेय, मेले?" मावशी म्हणाली. "शेवट सांग ना. माझ्या कानात सांग. मी कुणाला सांगणार नाही."

यावर वरून ऑपरेटर इतक्या जोरात हसला की बाहेरच्या रांगेला वाटलं, आत विनोदी पिक्चर लागलाय.

दारं उघडता उघडता मावशीने विचारलं, "असं उघडझाप कापायला कुणी शिकवलं तुला?"

"तूच," बिट्टी म्हणाली. "मी लहान असताना शाळेतून इथे यायचे. दाराशी तुझ्याजवळ उभी राहायचे. भीतीचं काही आलं की तू माझ्या डोळ्यांवर हात ठेवायचीस, पण बोटं मुद्दाम सैल ठेवायचीस. पहिले दोन ट्रेलर मी ऑफिसात शिकवलं तसे कापले. हा मी तुझ्या बोटांमधून कापला."

मावशीला काही बोलायचं होतं, पण रांग आत घुसली आणि ती बॅटरी लावून लोकांना खुर्च्या दाखवायला लागली. त्या दिवशी तिने बऱ्याच जणांना चुकीच्या खुर्च्या दाखवल्या. बिट्टी धावत ऑफिसात गेली, आणि दुपारी तिचा फोन आला तो एवढाच, की बाईंनी दाराची गोष्ट दोनदा सांगायला लावली आणि ट्रेलर पास केला. मावशीने खाली जाऊन चहा आणला, स्वतःच्या हाताने, आणि पायऱ्या चढून ऑपरेटरला नेऊन दिला. तो म्हणाला, साखर कमी आहे.

तो पिक्चर लागला त्या शुक्रवारी मावशीने रजा टाकली. बॅटरी मॅनेजरसाहेबांनी स्वतः हातात घेतली आणि तिला खुर्ची दाखवायला नेताना तीन माणसांचे पाय तुडवले. एका बाजूला बिट्टी, दुसऱ्या बाजूला ताई, मधे मावशी.

ट्रेलर तिला आता तोंडपाठ होता. जे तिला माहीत नव्हतं ते मधलं. मधे त्या मायलेकी होडीला डांबर लावत होत्या, कांदा कापण्यावरून भांडत होत्या, एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. गोष्टीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि मावशीला वाटत होतं, हे संपूच नये. मध्यंतर झालं तेव्हा माणसं आता काय करतात ते न कळून ती खुर्चीतच बसून राहिली. दाराशी उभं राहून तिने आयुष्यभर लोकांना शेवटी रडताना बघितलं होतं आणि दरवेळी मनात म्हटलं होतं, एवढं काय त्यात. आता तिला कळत होतं की ते शेवटाला रडतच नव्हते. ते त्या वेण्यांना रडत होते, कांद्याला रडत होते.

धुकं दाटलं. आईचा हात गाठीवर गेला. तेव्हा सवयीने मावशीचा हातही दाराची कडी शोधायला उठला. बिट्टीने तो धरून मांडीवर ठेवला. मावशीने दुसरा हात आपल्या डोळ्यांवर नेला, बोटं सैल ठेवून.

दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर. थेटरातली झाडून सगळी माणसं काहीतरी निमित्त काढून तिच्या आसपास घुटमळत होती. ऑपरेटरसुद्धा खाली आला होता, ज्याला शेवट माहीत होता तोही. पहिल्या खेळाला एक बाई आल्या, अंधारात तिचा हात धरून खुर्चीपर्यंत गेल्या आणि बसता बसता हळूच म्हणाल्या, "शेवट गोड आहे का हो? मला वाईट बघवत नाही."

मावशीने तोंड उघडलं. मागे सगळ्यांनी कान टवकारले.

"वाईट वाटायला लागलं तर असा हात ठेवा," ती म्हणाली आणि बॅटरीच्या उजेडात आपली सैल बोटं डोळ्यांवर धरून दाखवली. मग तिने बॅटरी विझवली आणि बाहेर न जाता दाराशीच उभी राहिली, मधलं बघत.